गारव्याची दुखणी

बालाघाटच्या पठारी मुलुखातील अहमदपुरासारख्या गावी वैशाखातल्या दुपारी एखाद्या जुन्या वाड्याच्या ढाळजेत पाऊल टाकले म्हणजे बाहेरचा फुफाटा उंबरठ्याशीच थांबल्यासारखा वाटतो. या गारव्यात चमत्कार असा काही नाही. दोन-दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर देऊन केलेले माळवद, आणि उन्हाच्या अंगास खिडक्यांची काटकसर, एवढेच त्याचे साहित्य होय. माळवदाच्या पाठीवर पडलेले ऊन त्या थरातून खाली उतरावयास इतका वेळ लागतो की ते आत पोचेपर्यंत सांज होते; आणि तोवर घरची मंडळी अंथरुणे घेऊन माळवदावर निजावयास गेलेली असतात. घर थंड असते असे म्हणण्यापेक्षा ते उशिरा तापते, असे म्हणणे अधिक खरे.

अशा घरासही दुखणी असत. भर दुपारीच तुळईखाली उष्मा जाणवू लागला तर जाणता गृहस्थ दारे-खिडक्या उघडमीट करीत बसत नसे. तो शिडी लावून वर जाई. पावसाने माती धुपून थर पातळ झालेला असे, किंवा उंदरांनी व गवताच्या मुळांनी तो पोखरलेला असे. त्रास माजघरात व्हावयाचा आणि कारण डोक्यावर सापडावयाचे. मोठ्या इमारती थंड ठेवण्याच्या चारशे वर्षांच्या खटाटोपात हीच गोष्ट पुनःपुन्हा आढळते. ज्या खोलीतून तक्रार येते त्या खोलीत दोष क्वचितच असतो.

अहमदपूर तालुका 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात आला, आणि 1982 मध्ये लातूर जिल्हा निराळा झाला तेव्हापासून तो लातुरात आहे. या साऱ्या मुलुखावर पूर्वी बहामनी राज्य आणि त्याच्या शाखांचा अंमल होता. त्या राजांनी उष्म्याशी केलेल्या झुंजीच्या खुणा अजून उभ्या आहेत. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेल्या धरणाच्या पोटातच एक महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, 1613 च्या सुमारास मीर इमादीन याने तो बांधला. पावसाळ्यात नदी भरली म्हणजे 'नर' आणि 'मादी' या नावांच्या सांडव्यांवरून पाण्याचा लोट कोसळतो आणि त्या पाण्यामागे दालनात बसलेल्या मनुष्यास अंगावर तुषार न येताही गारवा मिळतो. परंतु ज्या ऋतूत गारव्याची खरी गरज, त्या ऋतूत नदी आटलेली! उन्हाळ्यात तेथे जो थंडावा लाभतो तो दगडाच्या प्रचंड राशीचा; पाण्याचा नव्हे. कारागिराची करामत अप्रतिम असली तरी तिचा मुख्य पुरवठा ऐन वेळी तुटतो.

अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या फराहबागेची कथा याहून बोलकी आहे. निजामशाहीतील हा अष्टकोनी महाल 1583 मध्ये पुरा झाला. मध्ये उंच घुमटाचे दालन, भोवती दुमजली खोल्या, आणि चहूकडे विस्तीर्ण तलाव. तलावातील पाणी बाहेरून नळांनी आणलेले होते. पाण्यावरून येणारा वारा दालनात शिरावा आणि आतील ऊन हवा वरच्या मजल्यांतून निघून जावी, अशी ती योजना. आज भिंती उभ्या आहेत, कमानी उभ्या आहेत, घुमटाखालचे दालनही उभे आहे. तलाव मात्र कोरडा आहे. एखाद्या तज्ज्ञास आत नेऊन 'हा महाल पूर्वीसारखा थंड का राहत नाही?' असे विचारले, आणि त्याने भिंतींचीच तपासणी मांडली, तर उभ्या जन्मात त्यास उत्तर सापडणार नाही. दुखणे महालापासून दूर, पाणी आणणाऱ्या नळांत आहे.

पाण्याने हवा थंड होते, हे लहान मूलही मडक्यावरून जाणते. पण किती थंड होते याला एक निश्चित मर्यादा असते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. उष्णतामापकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळून तो वाऱ्यावर फिरविला म्हणजे पारा उतरू लागतो आणि एका ठिकाणी येऊन थांबतो. पाणी उडवून मिळणाऱ्या गारव्याची ती अखेरची पायरी. मे महिन्यातील दुपारी मराठवाड्यात पारा 42 अंश सेल्सिअस असून हवेतील आर्द्रता शेकडा 15 असेल, तर ओल्या फडक्याचा पारा 22 अंशांच्या आसपास येतो. उलट मुंबईत पारा 33 अंश आणि आर्द्रता शेकडा 70 असेल, तर तो 28 अंशांवरच अडतो. एके ठिकाणी वीस अंशांची सवलत, दुसरीकडे जेमतेम पाचांची! वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडले की मराठवाड्यात सुख होते आणि मुंबईत नुसती घुसमट वाढते, ती याचमुळे. मराठवाड्यातील माणसाने मुंबईच्या नातलगास वाळ्याचे पडदे लावण्याचा सल्ला द्यावा आणि त्या नातलगाने मनातल्या मनात हसावे, यात दोघांचाही दोष नाही.

मुंबईस गारवा प्रथम विकत मिळाला तो बर्फाच्या रूपाने, आणि तोही थेट अमेरिकेहून. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्युडर याने 1833 मध्ये तळ्यांतला गोठलेला बर्फ लाकडाच्या भुशात गाडून 'टस्कनी' नावाच्या जहाजाने कलकत्त्यास पाठविला. पुढच्याच वर्षी तो मुंबईस आला, आणि पुढे त्याच्यासाठी घुमटाकार बर्फघर उभे राहिले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत पाहुण्यांस आइस्क्रीम वाढले आणि यजमानासह सर्वांना पडसे झाले, अशी आख्यायिका तेव्हापासून सांगितली जाते. बर्फाचा तो व्यापार बुडाला, बर्फघरही गेले. परंतु त्याचा एक शब्द यंत्रशास्त्रात चिकटून राहिला. आजही शीतयंत्राची ताकद 'टना'त मोजतात. हा टन वजनाचा नव्हे. दोन हजार पौंडांचा बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता हटविण्याचे सामर्थ्य म्हणजे एक टन. दुकानात 'दीड टनाचे यंत्र द्या' असे म्हणणारा गिऱ्हाईक नकळत ट्युडरच्या बर्फाचाच हिशेब करीत असतो.

शीतयंत्राचा आधुनिक अवतार मनुष्याच्या सुखासाठी झाला नाही, कागदासाठी झाला. 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे, आणि रंगावर रंग छापताना आकृत्या एकमेकींवर नीट बसत नसत. विलिस कॅरिअर या तरुण यंत्रविशारदाने प्रश्न तपासला तेव्हा मूळ दोष उष्म्यात नसून हवेतील बाष्पात आहे, असे त्याच्या ध्यानात आले. मालकाने यंत्रे बदलली असती, शाई बदलली असती, कामगारही बदलले असते, तरी चित्रे सरकतच राहिली असती. कॅरिअरने हवा थंड नळ्यांवरून नेऊन तीतील बाष्प टिपून घेतले. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द मात्र त्याचा नव्हे. 1906 मध्ये स्टुअर्ट क्रेमर याने तो कापड गिरण्यांच्या संदर्भात वापरला, कारण कोरड्या हवेत सूत तुटते आणि तेथे हवेस उलट ओलावा द्यावा लागतो. मुंबईत 14 ऑक्टोबर 1933 रोजी 'रीगल' चित्रपटगृह उघडले तेव्हा आतील थंड हवेची जाहिरात चित्रपटाइतकीच झाली. 1938 मध्ये 'मेट्रो' आणि 'इरॉस' आले. तेथून हा गारवा बँका, रुग्णालये, कचेऱ्या असा पसरत गेला, आणि त्याच्यामागोमाग त्याची दुखणीही.

ती ओळखण्यासाठी उष्णतेचा प्रवास समजावून घेणे अगत्याचे आहे. मोठ्या इमारतीत उष्णता एका हातातून दुसऱ्या हातात अशी दिली जाते. खोलीतील हवा ती थंड पाण्याच्या नळ्यांस देते. हे पाणी ती शीतयंत्रातील गॅसला देते. गॅस दाबला जाऊन तापतो आणि ती दुसऱ्या पाण्यास देतो. हे दुसरे पाणी गच्चीवरील कूलिंग टॉवरमध्ये धबधब्यासारखे पडत पडत ती आकाशास देते. पाच जणांच्या या रांगेत एकाचाही हात आखडला की उष्णता त्याच्या मागे तुंबते, आणि बोंब मात्र पहिल्याकडे, म्हणजे खोलीत उठते.

तक्रारीवरून रोग ठरविणे किती फसवे असते याचा धडा लंडनच्या पार्लमेंटात 1836 पासूनच मिळाला आहे. आगीनंतर तात्पुरत्या उभारलेल्या सभागृहात डेव्हिड रीड या रसायनशास्त्रज्ञाने हवा गाळून, ओलावून जमिनीतल्या छिद्रांतून आत सोडण्याची व्यवस्था केली. एका सभासदास गुदमरावयाचे आणि त्याच वेळी त्याच्या शेजाऱ्यास हुडहुडी भरावयाची. पुढे नव्या वास्तूत रीड आणि वास्तुविशारद चार्ल्स बॅरी यांचे हाडवैर जुंपले आणि अखेर रीडला जावे लागले. सभासद खोटे बोलत होते असे नाही. जाडजूड मनुष्य, कृश मनुष्य, भाषण करून घामाघूम झालेला आणि भाषण ऐकून पेंगुळलेला, या चौघांची त्वचा एकच आकडा सांगत नाही. म्हणून कुशल परीक्षक तक्रार आदराने ऐकतो आणि मग उष्णतामापक काढतो.

पहिली परीक्षा हवेची. गाळणीवर धूळ बसली आहे काय, पंख्याचा पट्टा सैल आहे काय, हवा सोडण्याची झडप अर्धवट मिटली आहे काय, हे पाहावयास कोणतीही विद्या लागत नाही आणि बहुधा म्हणूनच ते शेवटी पाहिले जाते. खोलीचे तापमान मोजणारे उपकरण उन्हाच्या खिडकीशी किंवा एखाद्या तापणाऱ्या यंत्राच्या पाठीशी बसविलेले असेल, तर ते बिचारे आपल्यापुरते सत्यच सांगते आणि त्याच्या सांगण्यावरून उरलेले दालन गारठते.

दुसरी परीक्षा पाण्याची. येथे एक मोठे चकविणारे दुखणे आहे. थंड पाणी यंत्रातून साधारण 7 अंशांवर निघावे आणि खोल्यांची उष्णता घेऊन 12 अंशांवर परत यावे, अशी योजना सामान्यतः असते. प्रत्यक्षात ते कित्येक इमारतींत 9 अंशांवरच परत येते. पाणी जास्त थंड परत आले, हे ऐकून अननुभवी माणूस संतोष पावतो. वस्तुतः तो दोष आहे. पाच अंशांचे काम दोनच अंशांत होऊ लागले म्हणजे तेवढीच उष्णता वाहावयास अडीच पट पाणी फिरवावे लागते. मग दुसरा पंप सुरू होतो, मागोमाग दुसरे शीतयंत्र सुरू होते, आणि दोन्ही अर्ध्या पोटी चालतात. कारण शोधीत गेले तर कोठे झडप अडकून सताड उघडी राहिलेली, कोठे नळ्यांवर मळ बसून उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही असे, तर कोठे कोणी साहेबाने आपल्या खोलीचा काटा 18 वर ठेवून दिलेला. काटा खाली ओढल्याने हवा अधिक लवकर थंड होत नाही. फक्त झडप कधी मिटत नाही. ही समजूत काढणे यंत्र दुरुस्त करण्याहून अवघड आहे.

तिसरी परीक्षा गॅसची, आणि सर्वांत अधिक चुका येथेच होतात. दाबमापकाचा काटा खाली दिसला की 'गॅस कमी आहे' असा निर्णय देऊन गॅस भरला जातो. परंतु गाळणी तुंबून नळ्यांवरून हवाच जात नसेल, तरीही काटा खालीच येतो. दोहोंतील फरक नळीला हात लावताच कळण्याजोगा आहे. गॅस खरोखर कमी असेल तर तो नळ्यांत लवकर उडून जातो आणि परतीची नळी कोमट लागते. हवा कमी असेल तर तीच नळी अतिशय थंड होऊन तीवर हिमही धरते. दुसऱ्या प्रसंगी गॅस भरला तर यंत्रास अपचन होते, आणि पहिल्या प्रसंगी गळती न शोधता भरला तर तो चार महिन्यांत पुन्हा निघून जातो. जुन्या जातीच्या गॅसांनी आकाशातील ओझोनचा थर विरतो असे 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखविले व 1987 च्या माँट्रिअल करारापासून ते गॅस क्रमाने हद्दपार होऊ लागले. त्यांच्या जागी आलेल्या गॅसांपैकी पुष्कळ पृथ्वी तापविणारे आहेत. तेव्हा गळती हा आता केवळ मालकाच्या खिशाचा प्रश्न राहिलेला नाही.

याच्या नेमका उलट असा एक विकार आहे. कॅरिअरने 1922 मध्ये मोठ्या इमारतींसाठी जे चक्रगती शीतयंत्र पुढे आणले, त्याच्या जातीच्या कित्येक यंत्रांत आतील दाब बाहेरच्या हवेहून कमी असतो. अशा यंत्रास भोक पडले तर गॅस बाहेर येत नाही. बाहेरची हवा आत शिरते. ती गॅसाप्रमाणे द्रवरूप होत नसल्याने कंडेन्सरमध्ये जागा अडवून बसते आणि दाब चढत जातो. शुद्ध गॅसाचा कोणत्या तापमानास किती दाब असावा हे कोष्टकात दिलेले असते. प्रत्यक्षातला दाब त्याहून अधिक भरला की आत परका पाहुणा शिरला आहे असे खुशाल समजावे.

शेवटची परीक्षा टॉवरची, आणि मराठवाड्याच्या दृष्टीने हीच सर्वांत जिव्हाळ्याची. चांगला टॉवर पाणी ओल्या फडक्याच्या पाऱ्याच्या तीनचार अंश वरपर्यंत आणून देतो. म्हणजे वर सांगितलेल्या दुपारी मराठवाड्यात 26 अंश आणि मुंबईत 32. तेवढे पाणी थंड होत नसेल तर दोष टॉवरच्या पंख्यात किंवा जाळ्यांत आहे. पाणी नीट थंड होत असूनही गॅसाचा दाब चढत असेल, तर कंडेन्सरच्या नळ्यांच्या आत क्षाराचे पापुद्रे धरले आहेत. काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. चहाच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो तोच येथे बसतो आणि उष्णतेची वाट अडवितो. स्वच्छ कंडेन्सरात गॅस आणि बाहेर पडणारे पाणी यांच्या तापमानांत एकदोन अंशांचे अंतर असते. ते पाचसहावर गेले की नळ्या घासण्याची वेळ झाली.

हे जड पाणी आणखी एक खर्च मागते. टॉवरमधून वाफ उडते ती शुद्ध पाण्याची. क्षार मागे राहून दाट होत जातात, आणि म्हणून काही पाणी मुद्दाम गटारात सोडून नवे भरावे लागते. शंभर टनांचे यंत्र दिवसाचे दहा तास पूर्ण भाराने चालले तर सुमारे साडेसहा हजार लिटर पाणी वाफ होऊन जाते. पाण्यातील क्षार पाचपट दाट होऊ देता आले, तर वर दीड-पावणेदोन हजार लिटर सोडावे लागते. पाणी इतके जड असेल की दुप्पटच दाटी सोसवते, तर जितके उडाले तितकेच, म्हणजे आणखी साडेसहा हजार लिटर, गटारात जाते. हा हिशेब दुसऱ्या प्रदेशात कोणी पाहणार नाही. लातुरात मात्र तो पाहणे भाग आहे. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले, मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या जागी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी पुकारावी लागली, आणि 12 एप्रिल रोजी मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी लातूरच्या स्थानकात शिरली. त्या एका गाडीतले सारे पाणी वरच्यासारख्या एकाच इमारतीच्या गारव्यासाठी, जड पाण्याच्या हिशेबाने, चाळीस दिवसही पुरले नसते. पाणी सोडण्याची झडप किती फिरवावी, हे ठरविणाऱ्या मनुष्याच्या हाती त्या ऋतूत केवढी सत्ता असते!

उलट पाणी सोडावयाचेच नाही, टॉवर धुवावयाचाच नाही, असे म्हणूनही चालत नाही. जुलै 1976 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे संमेलन भरले. घरी परतल्यावर त्यांतील अनेकांस विलक्षण न्यूमोनिया झाला. 182 सभासद आजारी पडले व 29 दगावले. कारणाचा पत्ता लागेना. अन्नात विष, हवेत धातू, नाना तर्क झाले. पुढच्या जानेवारीत जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक नवा जंतू हाती लागला, आणि तो कोमट, साचल्या पाण्यात वाढतो असे पुढे दिसून आले; हॉटेलच्या कूलिंग टॉवरवर मोठा वहीम आला. सूक्ष्म तुषारांवाटे तो फुप्फुसांत जातो. ज्या रुग्णालयाच्या गच्चीवर असा टॉवर आहे तेथे हे आठवणे बरे.

पाण्याच्या या जाचामुळे मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी दवाखाने, बँका आणि शिकवणी वर्ग यांतून बहुतेक हवेनेच थंड होणारी लहान यंत्रे दिसतात. ती पाणी मागत नाहीत, हे त्यांचे मोठे पुण्य. पण त्यांचेही एक ठराविक दुखणे आहे. जागेच्या टंचाईने त्यांच्या बाहेरच्या पेट्या एकाच अरुंद बोळात, समोरासमोर, एकीवर एक अशा टांगलेल्या असतात. एकीने टाकलेला उच्छ्वास दुसरीने आत घ्यावयाचा, तिचा तिसरीने. बाहेर 42 अंश असताना त्या बोळात हवा त्याहून कितीतरी अधिक तापते, आणि दुपारी दोनच्या सुमारास यंत्रे आपोआप बंद पडतात. मालक दुरुस्ती करणाऱ्यास बोलावितो. तो आपली कामे आटोपून संध्याकाळी सहाला येतो. तोवर ऊन उतरलेले असते, बोळ निवलेला असतो, यंत्र खुशाल चालत असते. तो इकडेतिकडे पाहून थोडा गॅस भरतो, पैसे घेतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा तीच कथा. त्याने एकदा भर दुपारी येऊन, खोलीत न शिरता, पेटीच्या पाठीमागे जेथून ती हवा ओढते तेथे उष्णतामापक धरला, तर पाच मिनिटांत निकाल लागतो. पुढचे काम सुताराचे किंवा गवंड्याचे असते: पेट्या गच्चीवर न्यावयाच्या, अथवा त्यांचे तोंड मोकळ्या रस्त्याकडे वळवावयाचे.